राणबाची फांदी

पाहुणे, आधी एक सांगा. एक माणूस छाती ठोकून म्हणतो, मी डोळ्यांनी पाहिलं. दुसरं कुणी म्हणतं, मला काही ठाऊक नाही बुवा, पण तुम्ही सांगता ते जुळत नाही. दोघांपैकी भरवसा कुणावर ठेवाल? उत्तराची घाई नाही. बसा इथं कडुलिंबाच्या सावलीत, पाणी घ्या. फक्त त्या दगडांच्या कपारीत हात घालू नका, तिथं राहणारे आपल्याआधीचे आहेत.

ही समोरची उंच, भुसभुशीत, पांढुरकी जागा म्हणजे धानोळीची पांढरी. पावसाचं पाणी इथं मुरून राहत नाही, म्हणून गावाची पेवं इथंच खणलेली. पेव म्हणजे जमिनीत पुरलेला रांजणच म्हणा ना! तोंड एवढं अरुंद की एक माणूस अंग चोरून उतरावा, आणि पोट एवढं मोठं की पेठेची वर्षाची ज्वारी त्यात मावावी. आता गोदामं झाली, पत्र्याच्या कणग्या आल्या, तरी काही पेवं गावानं राखली आहेत. रिकाम्या पेवातून बाभळीची एक जाड फांदी तिरकी वर आलेली दिसेल. काटे काढलेले, साल मात्र तशीच ठेवलेली. भरलेल्या पेवाच्या झाकणाशेजारी तीच फांदी आडवी पडलेली असते. नवखी माणसं विचारतात, ही शिडी कशाची? माणसाला उतरायला दोर असतो. ही माणसासाठी नाहीच. गाव तिला राणबाची फांदी म्हणतं, आणि तिची हकिगत जुनी माणसं सांगत आली ती अशी.

फार वर्षांपूर्वी राणबा नावाचा हमाल या पेठेत होता. पेव उपसायचं काम त्याच्याकडे. दोराला धरून आत उतरायचं, टोपल्या भरून वर पाठवायच्या, आणि शेवटी स्वतः वर यायचं. वर आला की भर उन्हात उभा राहून धोतराचा कासोटा सोडून झटकायचा, ओंजळी उलट्या करून दाखवायचा. कुणी मागितलं नव्हतं, तरी करायचा. लोक हसायचे. "अरे राणबा, आता कातडं पण सोडून दाखव!" तोही हसायचा, म्हणे.

एका वर्षी अर्धं रिकामं झालेलं एक जुनं पेव उघडलं आणि राणबा आत उतरला. "सोडा टोपली," एवढं म्हणाला. टोपली गेली, ती परत आलीच नाही. हाका मारल्या, दोर हलवला. शेवटी विहिरीतली घागर काढायचे गळ टाकून त्याला वर ओढावं लागलं. अंगात जीव नव्हता, ओठ काळेनिळे झाले होते. ओढत असतानाच पेवाच्या गळ्यापाशी, भिंतीच्या भेगेत, नागाचा फणा दिसला.

तो पाहिला चनबसनं. चनबस म्हणजे पेठेतले मोठे आडते गुरलिंगअप्पा, त्यांचा धाकटा भाऊ. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलणं मागं घ्यायची सवय नव्हती. तो म्हणाला, "नागानं फुंकर मारली. मी डोळ्यांनी पाहिलं." झालं! गावानं ते धरलं.

राणबाची बायको येसा. तिनं नवऱ्याला शेवटची अंघोळ स्वतः घातली होती. ती म्हणाली, "डंख कुठंच न्हाई. पायाला न्हाई, हाताला न्हाई." चनबस म्हणाला, "फुंकरीची खूण राहते का कुठं, येसे?"

पण गोष्ट तिथं थांबली नाही. आता बघा, माणसाचं डोकं कसं चालतं ते. त्याच कट्ट्यावर, त्याच माणसांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, नाग हा वैरी, तेव्हा दिसेल तो साप ठेचायचा. दुसरी, नाग हा धान्याचा राखणदार, तो उगीच कुणाला धरत नाही, तेव्हा राणबाचा हात पेवात कुठंतरी मारलेला असणार. एकाच तोंडानं नागाला मारेकरी म्हणायचं आणि त्यालाच साक्षीला उभं करायचं! दोन्ही एका वेळी खरं कसं, हे कुणी विचारलं नाही. चनबसच म्हणाला म्हणे, "कासोटा झटकून दाखवायचा, तेव्हाच मला संशय आला होता. कराय नको ते करणाराच दाखवत फिरतो."

येसाला हे शब्द तिसऱ्याकडून कळले. त्या दिवसापासून तिचं पाऊल घरात ठरेना. पाखडायला, निवडायला तिला कुणी बोलवेना. चोराच्या बायकोच्या हाती सूप कोण देणार? ती सकाळी चूल पेटवायची, अर्ध्यातच उठून पांढरीवर यायची, नवऱ्याला ओढून काढलं त्या पेवाच्या तोंडाशी उभी राहायची, परत जायची, पुन्हा यायची. पोटापेक्षा तिला हे जास्त जाळत होतं. उपाशी राहून दिवस जातो, पण मेलेल्या माणसाच्या नावाला लागलेलं पुसायचं कशानं? तो तर आता कासोटा झटकायला येणार नव्हता.

इकडे गावात सापांचा संहार सुरू झाला. मारलेला साप आणून दाखवील त्याला अप्पांच्या दुकानी गुळाचा खडा मिळायचा. एका पठ्ठ्यानं एकच धामण सकाळी शेपटीकडून आणि संध्याकाळी डोक्याकडून दाखवून दोनदा गूळ नेला, असं सांगतात. मारल्या गेल्या त्या बहुतेक धामणी, दिवड, कुकरी. ज्यांच्यात विषाचा थेंब नाही, ते आधी मेले, कारण ते सापडायला सोपे. एका शूरानं मात्र हातानं नाग धरून मिरवायचा बेत केला, आणि त्याला दुसऱ्या दिवशी लोकांनी खांद्यावर नेलं. त्याचंही खापर नागावर फुटलं. धरायला गेलं कोण, हे कुणी बोललं नाही.

साप सरले तसे उंदीर माजले. खळ्यात उंदीर, गोणीत उंदीर, अप्पांच्या गादीखाली उंदराची पिल्लं! मांजरं खाऊन खाऊन सुस्तावली, पण उंदीर हटेनात. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी आभाळानं तोंड फिरवलं. पेरलेलं करपून गेलं. घरोघरच्या कणग्या खरवडून झाल्या. उंदरांनी पोखरलेली पेवं उघडली तर आत भुसा. शेवटी या कडुलिंबाजवळचं मोठं पेव तेवढं उरलं. त्यातली ज्वारी चांगली निघाली तर गाव जगणार, नाहीतर पोराबाळांना घेऊन रस्ता धरणार.

पेव उघडायच्या दिवशी सगळं गाव इथं जमलं. येसाही आली आणि बायकांच्या मागं उभी राहिली. झाकणाची माती फोडली, दगड सरकवला. आतून कोंदट, आंबूस वाफ आली. जवळचे दोघंतिघं खोकत मागं सरले. उन्हाचा कवडसा आत पडला आणि सगळ्यांनी पाहिलं: पेवाच्या गळ्यापाशी, उंदरांनी पाडलेल्या खबदाडात, एक मोठा नाग वेटोळं करून बसला होता. उंदरांच्या मागं बिळातून आत आला असावा, आणि मागं माती ढासळून अडकला असावा. खाली ज्वारीवर कितीतरी उंदीर मरून पडले होते. नागानं मात्र एकालाही तोंड लावलेलं नव्हतं. खाली उतरायचंच तो नाव घेत नव्हता. मान वर करून उजेडाकडे बघत होता.

"बघा!" चनबस ओरडला. "फुंकरीनं मारलेत. मी म्हणत नव्हतो?"

तेल्याचा म्हातारा आबाजी तेलात भिजवलेली चिंध्यांची मशाल घेऊन आला होता. आत नीट बघावं म्हणून ती दोराला बांधून खाली सोडली. मशाल नागाच्या तोंडासमोरून गेली. त्यानं फणा काढला, फूत्कारला. मशाल जळतच खाली गेली, ज्वारीच्या जवळ पोचली, आणि एकदम विझली. पुन्हा पेटवून सोडली, पुन्हा विझली.

"विझवली! पाहिलंत ना? आता तरी पटलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. येसाच्या मनात मात्र काहीतरी कुसळासारखं टोचलं. नाग वर होता. मशाल त्याच्या नाकासमोरून गेली तेव्हा पेटलेली होती. त्याला विझवायचीच होती, तर तिथंच का नाही विझवली? पण चोराच्या बायकोनं चारचौघांत बोलावं कसं? ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

मग नागाला मारायचं कसं, यावर गलका झाला. कुणी म्हणालं उकळतं पाणी ओता. अप्पा कडाडले, "आणि ज्वारी काय शिजवून काढतोस? आत गावाचं पोट हाय!" कुणी म्हणालं पेटता कडबा टाका. अप्पांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. भाला वरून पोचेना, दगड मारले तर भिंत ढासळेल. जो तो ओरडत होता, कुणाला काही सुचत नव्हतं, आणि ऊन चढत होतं.

तेव्हा मागून आवाज आला. "अप्पा, त्याला वर यायची वाट द्या."

लोक वळले. येसा पुढं आली होती. "माझ्या माहेरी विहिरीत फांदी सोडून ठेवतेत. पडलेली खार, सरडा, साप, जे असंल ते आपल्या पायानं वर येतंय."

"सापाला पाय कुठं असतेत ग?" चनबस म्हणाला आणि लोक हसले.

"मग पोटानं येईल, धाकले धनी. पण तुम्ही सगळे काठ्या घेऊन काठावर उभे राहिलात तर मरेपर्यंत न्हाई यायचा. मागं सरा. तो जाईल त्या अंगाला कुणी उभं राहू नका."

अप्पांनी भावाकडे पाहिलं, मग येसाकडे. दुसरा उपाय तरी कुठं होता? बाभळीची फांदी तोडून आणली, काटे तासले. साल काढू नका, येसा म्हणाली, गुळगुळीत लाकडावरून तो घसरेल. फांदी तिरकी आत सोडली. गाव मागं सरलं, निवडुंगाच्या कुंपणाकडची बाजू मोकळी ठेवली. घाईत चनबसचं पायताण पेवाच्या तोंडाशीच राहिलं.

पाहुणे, वाट बघणं म्हणजे काय, ते त्या दिवशी गावानं अनुभवलं. भुकेली माणसं, उघडं पेव, आणि काहीच करायचं नाही! पोरं रडत होती. चनबस अनवाणी पायांनी तापल्या मातीवर नाचत होता. एकजण काठी घेऊन पुढं निघाला, त्याला अप्पांनी बंडी धरून मागं ओढलं. येसाचा जीव तर टांगणीलाच लागलेला. नाग आला नाही तर लोक तिला काय म्हणतील, ते ती न बोलता ऐकत होती.

आणि फांदी हलली. आधी फणा नाही, नुसतं डोकं वर आलं. जीभ लवलवली. मग हळूहळू, सालीला अंग घासत, तो अखंड बाहेर आला. चनबसच्या पायताणावरून गेला. कुणाकडे वळला नाही, की फणा काढला नाही. मोकळ्या ठेवलेल्या वाटेनं निवडुंगात शिरला आणि दिसेनासा झाला.

मग एकच आरोळी उठली. गेला! चनबसनं धोतर खोचलं. "बाजूला व्हा. मी उतरतो आत."

"हमालाला उतरू दे," अप्पा म्हणाले.

"दादा, हमाल का? राणबाच्या हातात खोट होती, त्याला नागानं धरलं. माझे हात स्वच्छ हायत. गावासमोर उतरतो आणि गावासमोर वर येतो. होऊन जाऊ दे निवाडा!" आणि तो दोराला झोंबला.

आता इथं, असं सांगतात, येसाच्या मनात वादळ उठलं. तिला फक्त गप्प राहायचं होतं. चनबस आत जाऊन जिवंत वर आला असता, तर राणबा कायमचा चोर ठरला असता. पण तिला आतून वाटत होतं की तो वर येणार नाही. पेवांच्या तळाशी काहीतरी होतं, नागाखेरीज काहीतरी, ज्यानं इथं उंदीर मारले, मशाल विझवली, आणि त्या जुन्या पेवात राणबाला नेलं. चनबसलाही ते नेईल. मग त्याच्याच शब्दानं, त्याच्याच गावासमोर, तोही चोर! तिच्या नवऱ्याच्या नावाशेजारी त्याचं नाव. यापेक्षा मोठी फेड कोणती? ती नुसती उभी राहिली असती, तरी पुरलं असतं.

चनबसचं कमरेपर्यंतचं अंग आत गेलं होतं. वर राहिलेल्या तोंडावर घाम डबडबला होता. राणबाचंही तोंड शेवटचं असंच दिसलं असेल, तिच्या मनात आलं.

"थांबा!" ती ओरडली. "आधी मशाल सोडा."

"आता कशाला? नाग गेला ना!"

"म्हणूनच म्हणते. नाग गेलाय. सोडा मशाल."

चनबस शिव्या देत राहिला. आबाजी मात्र उठला, गुडघे धरत आला, चिंध्या तेलात बुडवून पेटवल्या आणि चनबसच्या काखेजवळून मशाल खाली सोडली. सगळं गाव वाकलं. ज्वाळा खाली गेली, रिकाम्या खबदाडाजवळून गेली, ज्वारीच्या जवळ आली. आणि विझली.

येसा हळू आवाजात म्हणाली, "आता कुणी फुंकली?"

अप्पांनी झेप घेऊन भावाची काखोटी धरली आणि त्याला वर ओढला. चनबस मातीवर बसला तो बसलाच. विझल्या चिंध्यांचा धूर वर येत होता, त्याच्याकडे बघत होता. तळाशी कोंडलेली हवा होती, पाहुणे. बंद पेवात धान्य उबतं आणि तळाला अशी हवा साठते की तिच्यात दिवा जगत नाही आणि माणूसही नाही. म्हणून तर तो नाग वरच्या खबदाडात मान वर करून बसला होता. तोही आमच्यासारखाच अडकलेला. हे शब्द त्या दिवशी कुणाला सुचले नाहीत, पण गोष्ट सगळ्यांना कळली.

आबाजी म्हणाला, "म्हणजे राणबा..." बायका येसाकडे बघू लागल्या, मग खाली बघू लागल्या. कितीतरी घरांत गुळाचे खडे खाल्लेले होते.

माफी मागायची चनबसला सवय नव्हती. तो उठला, पेवाच्या तोंडाशी गेला, आणि भर गावासमोर आपल्या धोतराचा कासोटा सोडून झटकला. ओंजळी उलट्या करून दाखवल्या. मग म्हणाला, "राणबा चोर नव्हता. मी बोललो ते खोटं होतं. मी फणा तेवढा पाहिला होता, फुंकर न्हाई."

येसानं डहाळ्यांचा एक भारा दोराला बांधला आणि पेवात खालीवर, खालीवर हलवायला लागली, आतली हवा ढवळून निघावी म्हणून. थोड्या वेळानं दोर तिच्या हातातून चनबसनं घेतला. मग दुसऱ्यानं घेतला. ऊन कललं तरी हलवत होते. मशाल तळाशी जळत राहिली, तेव्हा कमरेला दोर बांधून माणूस उतरला. कडेची ज्वारी गेली होती, पोटातली मात्र चांगली निघाली. गाव जगलं. निवडायला पहिलं सूप येसाच्या हाती दिलं, आणि अप्पांनी त्याच दिवशी गुळाची ती चाल बंद केली.

आजही धानोळीत पेव उघडायचं ते भर दिवसा. आधी फांदी सोडतात आणि सगळे मागं सरतात, एक बाजू मोकळी ठेवतात. आत कुणी असेल तर त्याला जायला वेळ देतात. मग दिवा सोडतात. दिवा जळत राहिला तरच माणूस उतरतो, तोही दोर बांधून. आत उतरायच्या आधी तो राणबाचं नाव घेतो. विहिरींनाही इथं फांदी असते. घरात नाग निघाला तर कुणी हात लावत नाही, काठीही उचलत नाही. पोरंबाळं बाहेर काढतात, लांबून नजर ठेवतात आणि सर्पमित्राला फोन करतात. कुणाला डंख झालाच तर देवऋषी नाही, थेट दवाखाना. पाहुणा झाला म्हणून नागाला कुणी मांडीवर घेत नाही. त्यानं त्याच्या वाटेनं जावं, आपण आपल्या, एवढाच शेजार. उंदीर मात्र इथं पुन्हा माजले नाहीत.

उठलात? ऊन उतरलंय, निघा सावकाश. एक विनंती तेवढी ऐकून जा. तुमच्या गावीही कधी साप निघेल, कधी कुणी दगावेल, आणि कुणीतरी छाती ठोकून सांगेल की मी पाहिलं. तेव्हा घाईनं कुणाच्या नावावर काही मांडू नका. सापाचं असेल ते सापाच्या नावावर घाला, कोंडल्या हवेचं तिच्या नावावर, आणि आपल्या भीतीनं जे केलं ते आपल्याच नावावर लिहा. मेलेला माणूस आणि मुका जीव, दोघंही आपला हिशेब तपासायला येत नाहीत. म्हणून म्हणतो, हिशेब खरा ठेवा.